साडेचारशे मिलिमीटर : घरी बांधलेल्या गाडीची बॉडी, खांद्याचे पट्टे आणि नापासाचा एक कागद

तपासनिसाने टेपचं एक टोक रिकाम्या सीटच्या बैठकीवर टेकवलं, दुसरं मागच्या रोलबारवर, म्हणजे गाडी उलटलीच तर डोकं वाचवणाऱ्या पोलादी कमानीवर, खांद्याचे पट्टे अडकतात त्या आडव्या नळीपर्यंत नेलं आणि आकडा वाचला : ४२८. मग पुन्हा मोजलं. पुन्हा ४२८. नियम म्हणतो, किमान ४५० मिलिमीटर. कमी पडलेले बावीस मिलिमीटर म्हणजे माझ्या अंगठ्याची रुंदी. गॅरेजमधले अडीच वर्षांचे शनिवार-रविवार त्या अंगठ्याएवढ्या जागेत अडकले.

त्या दिवशी गाडीच्या सरकारी चाचणीत नापास होऊन हातात पडलेल्या कागदावर पाच दोष होते. इथे त्या पाचांची चिरफाड करायची आहे. प्रत्येक दोष वेगळा दिसत असला तरी मूळ एकच निघालं, आणि ते कुठल्या नटबोल्टात नव्हतं. मी बॉडी आधी बसवली आणि सुरक्षेचे भाग नंतर 'लावले'.

गाडी कोणती, ते आधी सांगतो. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची उघडी, दोन माणसांची, अंगावर मांस नसलेली स्पोर्ट्स कार काढली. पूर्ण तयार गाडीवरचा कर चुकवता यावा म्हणून ती सुट्या भागांतही विकली जायची. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमने घेतले, पण त्या आराखड्यावर बेतलेल्या गाड्या ब्रिटनमध्ये इतर अनेक लहान कंपन्याही देतात. त्यांतल्याच एकीचं किट मी घेतलं : चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा, बाजूंना आणि बॉनेटला ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक, डॅशवरची टोपी म्हणजे स्कटल, मडगार्ड आणि मागचा भाग फायबरचा. रंग हळदीसारखा पिवळा. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढलं. सगळं मिळून वजन सहाशे किलोच्या आसपास.

अशी गाडी रस्त्यावर आणायची तर इथे ब्रिटनमध्ये 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल' म्हणजे आयव्हीए नावाची चाचणी द्यावी लागते. २००९ मध्ये ती जुन्या एसव्हीए चाचणीच्या जागी आली. फी ४५० पौंड. माझ्या नशिबात तो आकडा दोनदा लिहिला होता, एकदा पौंडांत आणि एकदा मिलिमीटरमध्ये. सरकारी तपासनीस गाडी घेऊन दिवसभर बसतो. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, आरसे, स्पीडोमीटर, पट्टे, आणि बॉडीची प्रत्येक कड.

माझे मामा कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात ट्रकची बॉडी बांधायचे. व्हिडिओ कॉलवर हे ऐकून त्यांचा विश्वासच बसेना. "घरात बांधल्याल्या गाडीला सरकार नंबर देतंय? आपल्याकडं बंपर बदलला तरी हवालदार थांबवतोय." थोडी अतिशयोक्ती, पण रोख बरोबर होता. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत बदल करू देत नाही, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्था मंजुरी देतात ती उत्पादकाच्या मॉडेलला. तेव्हापासून मामा या प्रकल्पाचे मानद सल्लागार झाले. फी एकच : दर रविवारी गाडी 'दाखवायची'.

बॉडीचं काम स्कटलपासून सुरू होतं. स्कटल पुढे-मागे किंवा तिरकं बसलं की बॉनेट आणि नाक दोन्ही त्याच्या मागून वाकडे जातात. मी पहिल्या खेपेला एका पॅनलवरून दुसरं पॅनल मोजत गेलो. नाकापाशी पोचेपर्यंत डाव्या-उजव्या फटीत सहा मिलिमीटरचा फरक. फायबरचा कुठलाही तुकडा साच्यातून जसाच्या तसा निघत नाही, थोडा आक्रसतो, थोडा पिळतो. म्हणून मोजमाप घ्यायचं ते सांगाड्यावरून. सांगाड्याच्या मध्यरेषेवर दोरी ताणली, ओळंबा सोडला, सगळं उतरवून पुन्हा मांडलं. एक महिना गेला. इथवर चूक झाली ती कबूल करायला सोपी होती, कारण ती डोळ्यांना दिसत होती.

पत्रा आणि फायबर यांचे स्वभाव वेगळे आहेत. ॲल्युमिनियमचा पत्रा नळीला पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने आणि पॉप रिव्हेटने धरायचा, रिव्हेट मधून बाहेर मारत जायचे. दोन टोकांकडून मधे आलात तर पोट सुटतं आणि पत्रा तेलाच्या डब्यासारखा वाजतो. काही जण रिव्हेट मारण्याआधी पत्रा कोमट करून घेतात, म्हणजे निवल्यावर तो ताणून बसतो. मी जानेवारीत खोलीतला हीटर गॅरेजमध्ये नेऊन ते केलं. घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

फायबरला मात्र घाई आणि जोर दोन्ही चालत नाहीत. वरचा चकचकीत थर, जेलकोट, काचेसारखा ठिसूळ असतो. भोक पाडायच्या जागी चिकटपट्टी लावायची, आधी ड्रिल उलटं फिरवून जेलकोट खरवडून घ्यायचा, मग सरळ फिरवायचं. भोक बोल्टपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठं, खाली रबर, आतून रुंद वायसर, आणि आवळायचं ते हाताला कळेल इतकंच. नाकाच्या एका बोल्टला मी अगदी नेमकं भोक पाडलं आणि पाना पूर्ण फिरवला. पहिल्या कडाक्याच्या थंडीत तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा निघाल्या. मामांनी फोनवर बघून एवढंच म्हटलं, "पत्रा ऐकतोय रं. फायबर ऐकत न्हाई."

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत गाडी गाडीसारखी दिसायला लागली. मी फोटो काढले, गावाकडे पाठवले, शाबासकी घेतली. सीट, पट्टे, मागचा फॉग दिवा आणि कडांना लावायचं रबर हे 'शेवटचं किरकोळ' म्हणून राहिलं होतं. प्रकरण इथेच बिघडलं.

आता कागदावरचे दोष, महत्त्वाच्या क्रमाने नाही, मला समजले त्या क्रमाने.

मागचा फॉग दिवा. ब्रेकचा दिवा आणि फॉग दिवा यांच्या उजेड देणाऱ्या भागांत किमान १०० मिलिमीटर अंतर हवं. माझ्याकडे ८५ होतं. फॉग लागलेला असताना ब्रेक दाबल्याचं मागच्याला वेगळं कळावं, इतकं साधं कारण. दिवा सरकवायचा म्हणजे तयार पॅनलमध्ये नवी भोकं.

पुढचे मडगार्ड. सेव्हनचे पुढचे मडगार्ड सायकलसारखे असतात, चाकाच्या मागच्या हबला धरलेल्या दांड्यांवर बसतात आणि चाकाबरोबर वळतात. चाकाच्या केंद्रातून उभी रेघ धरली तर तिच्यापुढे ३० अंश आणि मागे ५० अंश टायर झाकलेलं असलं पाहिजे. मी जागा ठरवली तेव्हा तसंच होतं. नंतर चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डचं पुढचं टोक इंडिकेटरच्या दांडीला घासतंय हे दिसलं, म्हणून मडगार्ड दोन सेंटिमीटर मागे घेतलं आणि कोनमापक पुन्हा लावलंच नाही. हलवायला हवी होती ती इंडिकेटरची दांडी. पण तिची वायर आधीच पत्र्याच्या आतून नेऊन बंद केली होती.

कडा. याच्यावर थोडं थांबतो, कारण घरी गाडी बांधणाऱ्यांची या चाचणीबद्दलची निम्मी कुरकुर इथेच असते. १०० मिलिमीटर व्यासाचा चेंडू बॉडीवरून फिरवायचा. तो जिथे टेकतो तिथल्या बाहेर आलेल्या कडेची गोलाई किमान २.५ मिलिमीटर हवी. कारण सरळ आहे, गाडी एखाद्या पादचाऱ्याला लागलीच तर कडेने कापू नये. पण सेव्हनचं पुढचं सस्पेन्शन पूर्ण उघडं असतं. बोल्टची डोकी, ब्रॅकेटच्या कडा, दिव्यांचे आधार, सगळीकडे चेंडू पोचतो. मी हस्तकलेच्या दुकानातून थर्माकोलचा तेवढ्याच व्यासाचा चेंडू आणला आणि गणपतीतला उरलेला गुलाल त्याला फासला. जिथे गुलाल उमटेल तिथे काम. पिवळ्या गाडीवर गुलाबी ठिपके पडले आणि मामांना जोतिबाची आठवण झाली. त्यांचा सल्ला मात्र रोकडा होता : रबर लावून कड लपवू नकोस, जमेल तिथे पत्राच मुरड. उद्यमनगरात तारेवर कड वळवायची पद्धत आहे. डब्याच्या काठात असते तशी. मी बॉनेटची मागची कड तशी वळवून घेतली आणि ती आजही गाडीतली मला सगळ्यात आवडती जागा आहे.

नापास झालो ते गुलालामुळे नव्हे, घाईमुळे. बोल्टच्या डोक्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या नुसत्या दाबून बसवल्या होत्या. तपासनिसाने अंगठ्याने एक ढकलली, ती टप्पकन खाली पडली आणि गाडीखाली घरंगळत गेली. हाताने निघणारी टोपी म्हणजे टोपी नाहीच. घरी येऊन सगळ्या चिकटवल्या. एक संध्याकाळ पुरली.

चौथा दोष मला खऱ्या अर्थाने लाजवणारा. कमरेच्या पट्ट्याचे बोल्ट. पट्ट्याच्या जागी सांगाड्याला जाड पोलादी बुंधा, म्हणजे आतून आटे असलेला ठोकळा, वेल्ड केलेला असतो, त्यात ७/१६ इंची यूएनएफ म्हणजे बारीक आट्यांचा बोल्ट जातो. मी दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या बोगद्यावर आधी ॲल्युमिनियमचा पत्रा मारला, त्यावर गालिचा चिकटवला, आणि मग पट्ट्याचा बोल्ट त्या सगळ्यावरून आवळला. म्हणजे बोल्टचा खांदा पोलादाला टेकलेलाच नव्हता. मधे मऊ पत्रा, चिकटद्रव्य आणि गालिचा असं सँडविच. आवळलं त्या दिवशी घट्ट होतं. नंतर मधला मऊ थर दबला आणि बोल्ट सैल पडला. तपासनिसाने तो दोन बोटांनी फिरवला. काही बोलला नाही, माझ्याकडे बघितलं फक्त.

अपघातात माणसाचं सगळं वजन, वेगामुळे कित्येक पटींनी वाढून, ज्या जागी येतं तिथे मी गालिच्यावर विश्वास ठेवला होता. दुरुस्ती अवघड नव्हती : भोककरवतीने पत्र्यात आणि गालिच्यात बोल्टच्या खांद्यापेक्षा मोठं वर्तुळ कापलं, बुंध्यावरची पावडर कोटिंग खरवडली, लोखंडाला लोखंड भिडवलं, आणि पट्टे बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कला आवळलं. पण ज्या बोल्टबद्दल मी सगळ्यात निश्चिंत होतो तोच सैल निघाला, हे काही केल्या मनातून जाईना.

पाचवा दोष तो ४२८ चा.

मुळात किटचा रोलबार आणि किटची सीट एकत्र बसवल्यावर माप ४५८ येत होतं. नियमापेक्षा आठ मिलिमीटर जास्त. बायको उंचीने लहान, तिला स्टिअरिंगवरून रस्ता नीट दिसेना. म्हणून मी सीटखाली अठरा मिलिमीटरचं प्लायवूड घातलं आणि बैठकीचा फोम बारा मिलिमीटरने जाड केला. तीस मिलिमीटर वर. सीट वर गेली, पट्ट्याची नळी होती तिथेच राहिली. हिशेब दुसरीतल्या पोराला जमावा इतका. पण मी सीटला 'आतली सजावट' समजत होतो आणि रोलबारला 'सुरक्षा'. दोन वेगळ्या याद्या, दोन वेगळे शनिवार.

सोपा उपाय समोर होता. प्लाय काढा, जुना फोम घाला, ४५८ मिळतील, पास व्हा. पुन्हा तपासणीची फी ९० पौंड. ओळखीच्या दोघांनी तेच सुचवलं. मीही तेच करणार होतो. पण त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतः पट्टे बांधून सीटवर बसलो आणि बायकोला बाजूने फोटो काढायला सांगितलं.

फोटोत दिसलं ते असं. माझी उंची पाच फूट अकरा इंच. माझा खांदा पट्ट्याच्या नळीपेक्षा बराच वर. पट्टा खांद्यावरून मागे जाताना सरळ न जाता खाली उतरत होता, कोनमापकावर सुमारे ३५ अंश. शर्यतीच्या नियमांत ४५ अंशांपेक्षा जास्त उतार चालत नाही आणि १० अंशांच्या आत असावा अशी शिफारस असते. समोरून धडक बसली की शरीर पुढे जातं, पट्टा ताणतो, आणि उतार जास्त असेल तर तो खांद्याला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो. तो दाब मणक्याच्या लांबीने जातो. ४५० चा नियम हाच धोका एका मर्यादेच्या आत ठेवतो. तो किमान आकडा आहे, माझ्या पाठीच्या मापाने कुणी काढलेला नाही. प्लाय काढल्याने कागद समाधानी झाला असता आणि उतार जेमतेम चार-पाच अंशांनी कमी झाला असता.

नळीवर वरच्या बाजूला दोन ब्रॅकेट वेल्ड करून घ्यावेत असाही विचार आला. मामांनी तो मोडून काढला. रोलबारची नळी विशिष्ट पोलादाची, ठरलेल्या जाडीची असते. तिच्यावर नवा टाका घातला की टाक्याच्या शेजारची धातू बदलते, आणि ती किती बदलली हे गॅरेजमध्ये कळायचा मार्ग नाही. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस 'इथं टाका मारू नको' म्हणतो तेव्हा ऐकावं.

मग त्याच किटवाल्यांकडून उंच रोलबार मागवला. पट्ट्याची नळी ७० मिलिमीटर वर. बावीससाठी सत्तर! वरची कमानही तितकीच उंच, त्यामुळे हेल्मेटच्या वर मोकळी जागा वाढली. रिंगणात गाडी नेणारे ५ सेंटिमीटर तरी राहावेत असं बघतात, माझ्या जुन्या बारखाली ते जेमतेम होते.

पण उंच बारच्या मागच्या दोन टेकू-नळ्या अधिक मागे उतरतात. म्हणजे फायबरच्या मागच्या पॅनलमधली, मी आदल्या वर्षी तासन्‌तास घासून गोल केलेली ४५ मिलिमीटरची दोन भोकं आता चुकीच्या जागी. सुरक्षेचा भाग आधी ठरवून बसवला असता, तर पॅनल त्याच्याभोवती एकदाच कापायचं होतं. जुनी भोकं मागून तासून उतरती केली, आतून काचतंतूंची चटई आणि रेझिनचे तीन थर दिले, पुढून जेलकोट भरला, पाण्याच्या पॉलिश पेपरने चारशेपासून बाराशेपर्यंत घासलं. बाटलीवरचा रंगाचा क्रमांक तोच होता. पॅनलने मधल्या काळात दोन उन्हाळे पाहिले होते.

बायकोच्या उंचीचा प्रश्न राहिलाच. सुटी उशी घालायची नाही हे पक्कं ठरलं. मऊ उशी धडकेत दबते, ती जितकी दबेल तितके पट्टे सैल पडतात, आणि सैल पट्ट्याखालून माणूस पुढे घसरतो. कमरेचा पट्टा हाडावरून सरकून पोटावर येतो, मग आतल्या अवयवांना धोका. त्यावर शर्यतवाल्यांचा एक तोडगा आहे : दोन द्रव मिसळून फुगणारा फोम पिशवीत ओतायचा, माणसाने त्यावर वीस मिनिटं हलायचं नाही, आणि त्याच्या आकाराचा कडक साचा तयार होतो. तो दबत नाही. बैठकीला तो २५ मिलिमीटर उंची देतो. नव्या बारवर मूळ सीटचं माप ५२८ आलं. साचा ठेवल्यावर ५०३. दोन्ही चालतात, आणि पेडलची पेटी एक भोक मागे घेतल्यावर तिचा पायही पोचतो. मी बसतो तेव्हा साचा बाहेर, पट्ट्याचा उतार वीस अंशांच्या आसपास. दहा नाही. आणखी उंच बार लावला असता तर गाडी टेम्पोसारखी दिसली असती, तिथे मी थांबलो.

मडगार्ड कोनमापकाने पुन्हा बसवले, इंडिकेटरची दांडी पुढे नेली, त्यासाठी पत्र्याचे अकरा रिव्हेट ड्रिलने उडवून वायर सोडवावी लागली. फॉग दिवा हलवला. या सगळ्याला सात आठवडे लागले. पहिल्यापासून या क्रमाने गेलो असतो तर यातला बराचसा वेळ लागलाच नसता : आधी सांगाड्यावर सीट, सीटवर माणूस, माणसाला पट्टे, पट्ट्यांना बार. मग दिवे आणि चाकं पूर्ण वळवून मडगार्ड, सगळं तात्पुरतं, चिकटपट्टी आणि शिकंज्यांवर. पत्रा त्यानंतर. गालिचा अगदी शेवटी, आणि पट्ट्याच्या बुंध्यांभोवती मोकळं वर्तुळ ठेवून.

फेरतपासणीला तोच तपासनीस होता. त्याने फक्त पाच दोषच बघितले. टोप्यांवर अंगठा, मडगार्डवर कोनमापक, दिव्यांमध्ये टेप, कमरेच्या बोल्टला दोन बोटं. मग सीटमागे वाकून माप घेतलं आणि या वेळी आकडा मोठ्याने वाचला नाही, नुसता लिहिला. जाता जाता बॉनेटच्या मुरडलेल्या कडेवरून हात फिरवला आणि हे कुठे करून घेतलं, असं विचारलं. मी उद्यमनगर म्हणालो. त्याला ते शेफिल्डच्या बाजूचं गाव वाटलं असावं.

नंबर जुन्या माझदाच्या वयाचाच मिळाला, कारण मोठे भाग तिच्यातून आले होते. मामांना नंबरप्लेटचा फोटो पाठवला. त्यांनी तो बघायच्या आधी मागच्या पॅनलचा फोटो मागितला, उन्हात, तिरका काढलेला. मी पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं : "दोन्ही भोकं दिसत्यात."

दिसतातच. सकाळच्या उन्हात पिवळ्यावर किंचित गडद पिवळ्या दोन टिकल्या. मडगार्डच्या दांडीखाली गुलालही अजून आहे.